खेळाला रणांगणाचा दाखला कशाला?

२० नोव्हेंबर १९४३ च्या शनिवारी अमेरिकेतल्या साउथ बेंड गावात फुटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला नोटर डेम विद्यापीठ, त्या हंगामात तोवर एकदाही न हरलेलं. दुसऱ्या बाजूला आयोवा प्री-फ्लाइट, तोही संघ तोवर अजिंक्य. प्री-फ्लाइट म्हणजे आयोवा सिटीतली नौदलाची शाळा. वैमानिक होऊ घातलेल्या पोरांना विमानात बसवण्याआधी तिथे तीन महिने घासूनपुसून तयार केलं जायचं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा खेळ डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात धरून किंवा फेकून समोरच्यांच्या हद्दीपार न्यायचा, आणि त्यांनी वाटेत अंगावर झेपावून आडवं पाडायचं, असा हा खेळ. चेंडू हद्दीपार गेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. मग दोन खांबांमधून चेंडू लाथाडायची एक संधी, तिचा एक गुण. त्या दिवशी दोन्ही संघांनी दोन-दोन टचडाउन केले. नोटर डेमच्या दोन्ही किका बसल्या, आयोवाच्या शाळेची एक चुकली. निकाल १४-१३.

साउथ बेंडमध्ये हा सामना चालू होता तेव्हा पॅसिफिक महासागरातल्या टारावा बेटांवर लढाईचा दुसरा दिवस उगवला होता. भरतीचं पाणी अपेक्षेइतकं चढलंच नाही. सैनिकांच्या होड्या पोवळ्याच्या खडकांवर अडकल्या आणि मरीन सैनिक छातीभर पाण्यातून, बंदुका डोक्यावर धरून, गोळ्यांच्या माऱ्यात किनाऱ्याकडे चालत निघाले. ७६ तासांत हजारावर अमेरिकन मेले, आणि बेटावरचे साडेचार हजारांहून अधिक जपानी आणि त्यांच्याकडचे कोरियन मजूर जवळजवळ सगळेच.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मनात पहिली येते ती चीड. माणसं मरत असताना गणवेशातले धडधाकट जवान गर्दीपुढे चेंडू खेळतात? या चिडीला त्या काळापासून एक उत्तर तयार आहे: खेळ हीच युद्धाची तालीम. जो मैदानावर अंगावर घेतो तो रणांगणावर पाठ दाखवत नाही. ही चीड आणि हे उत्तर, मला दोन्ही पटत नाहीत. त्यातलं उत्तर जास्त घातक वाटतं, कारण ते आजही आपल्या तोंडी आहे आणि त्याच्या आडोशाला बरंच काही दडवता येतं. आयोवाच्या शाळेचा १९४३ चा हंगाम मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो. खेळ आणि युद्ध एकाच छपराखाली नांदण्याचा असा प्रसंग क्वचित आला असेल, त्यामुळे हे उत्तर खरं की खोटं ते तिथे तपासता येतं.

पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर नौदलाला घाईनं हजारो वैमानिक हवे होते. १९४२ मध्ये चार विद्यापीठांच्या आवारांत अशा शाळा निघाल्या: आयोवा, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया आणि कॅलिफोर्नियातलं सेंट मेरीज. दिशाशास्त्र, संदेशाच्या खुणा, शत्रूचं विमान ओळखणं, कवायत, पोहणं आणि या सगळ्यांच्या बरोबरीनं खेळ. खेळांची आखणी टॉम हॅमिल्टन या नौदल अधिकाऱ्याची. तो स्वतः जुना खेळाडू, नौदल अकादमीच्या संघाचा माजी प्रशिक्षक. फुटबॉल, मुष्टियुद्ध, कुस्ती यांतून लढवय्या घडतो यावर त्याची मनापासून श्रद्धा होती आणि ती तोंडदेखली नव्हती. पुढे तो एंटरप्राइज या विमानवाहू जहाजावर गेलाही. नौदलातच दुसरा पंथ होता जीन टनीचा. हेवीवेट मुष्टियुद्धाचा हा माजी जगज्जेता नौदलात शरीर कमावण्याचं काम बघत होता आणि त्याचा भर कवायतीवर, व्यायामावर. सांघिक खेळांनी शिपाई तयार होतो हे त्याला मान्य नव्हतं. म्हणजे जो माणूस ठोसे खाऊन जगज्जेता झाला, त्यालाच खेळ आणि लढाई यांतला फरक जास्त नीट दिसत होता.

आता संघाकडे बघू. कॅडेट शाळेत तीन महिने राहणार. पूर्ण हंगाम त्याच्या वाट्याला येणं कठीण. मग दर शनिवारी मैदानावर उतरत कोण होतं? मोठ्या प्रमाणात शाळेतले अधिकारी, म्हणजे शारीरिक शिक्षण देण्यासाठी नेमलेले नावाजलेले खेळाडू. १९४३ च्या संघात वॉशिंग्टन रेडस्किन्सचा डिक टॉड होता, शिकागो कार्डिनल्सचा व्हिन्स बॅनोनिस होता. हे व्यावसायिक, पगारी खेळाडू. प्रशिक्षक डॉन फॉरोट, मिसुरी विद्यापीठातून आलेला. त्याच्या आदल्या वर्षी बर्नी बियरमन, मिनेसोटाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा. अशी माणसं गोळा केल्यावर संघ जिंकणारच. ओहायो स्टेटला हरवलं, यजमान आयोवा विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २५-० नं हरवलं, मिनेसोटाला ३२-० नं. नऊ विजय, एक हार. हंगाम संपल्यावर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिला क्रमांक नोटर डेमचा आणि दुसरा या शाळेचा. लष्करी तळाच्या संघाला विद्यापीठांच्या पंक्तीला बसवून दुसरा नंबर!

यात लढाईची तालीम कोणाची झाली? ज्या पोराला पुढे जहाजाच्या डेकवरून विमान उचलायचं होतं, तो बहुतेक वेळा बाकांवर बसून टाळ्या वाजवत होता. शाळेत इतर वेळी कॅडेटही खूप खेळायचे, घाम गाळायचे, ते मी नाकारत नाही. पण वर्तमानपत्रांत जो हंगाम गाजला, ज्याची तिकिटं विकली गेली, तो तालमीच्या नावावर उभा राहिलेला एक उत्तम फुटबॉल संघ होता. तसंच म्हणायला हवं होतं.

आता आयोवा सिटीतल्या त्या मैदानाविषयी. आज त्याचं नाव किनिक स्टेडियम. नाइल किनिक आयोवा विद्यापीठाचा खेळाडू, १९३९ चा हाइसमन ट्रॉफीचा मानकरी. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याहून मोठा सन्मान नाही. व्यावसायिक फुटबॉलचं बोलावणं त्यानं नाकारलं, कायदा शिकायला घेतला आणि नौदलाच्या हवाई राखीव दलात नाव घातलं. पर्ल हार्बरच्या तीनच दिवस आधी त्याला सेवेत बोलावलं गेलं. २ जून १९४३ रोजी लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावरून तो सरावाच्या उड्डाणाला निघाला. व्हेनेझुएलाजवळच्या पारियाच्या आखातावर त्याच्या वाइल्डकॅट विमानाचं तेल गळायला लागलं. डेकवर दुसरी विमानं उड्डाणाच्या तयारीत उभी असल्यानं तिथे उतरता येईना. त्यानं विमान समुद्रावर उतरवलं. मदतीची होडी पोहोचली तोवर तिथे फक्त तेलाचा तवंग होता. देह सापडला नाही. वय २४.

त्यानंतर काही महिन्यांतच त्याच मैदानावर नौदलाच्या शाळेचा संघ खेळायला उतरला. गॅलरीत बसलेल्या किती माणसांनी चार वर्षांपूर्वी किनिकला तिथे धावताना पाहिलं असेल! खेळानं योद्धा घडतो असं म्हणणाऱ्यांनी या मुलाकडे बघावं. त्याच्याहून चांगला खेळाडू आयोवात नव्हता. अंगात चपळाई होती, धीर होता, डोकं होतं. इंजिनातल्या तेलापुढे त्यातलं काहीच चाललं नाही. टारावाच्या पाण्यात अडकलेल्या मरीनांचंही तसंच झालं. त्यांच्या छातीत धैर्य कमी नव्हतं, चुकला होता भरतीचा अंदाज. युद्धात माणसं बहुतेक वेळा अशा कारणांनी मरतात ज्यांच्याशी मर्दुमकीचा संबंध नसतो. मैदानावर चुकलेल्या किकेची किंमत एक गुण असते आणि पुढच्या शनिवारी तोच माणूस पुन्हा किक मारायला येतो. खेळाची सगळी गंमत, सगळं मोठेपण त्यातच आहे. त्याला युद्धाची उपमा दिली की आपण खेळाचं हे मोठेपण काढून घेतो आणि युद्धाचं भय पुसून टाकतो.

मग तो हंगाम व्हायलाच नको होता का? व्हायला हवा होता. माझं म्हणणं इतकंच की त्याची बाजू खेळ म्हणून घ्यावी. कारण खेळ म्हणून तिथे जे घडलं ते खरोखर मोलाचं होतं. फॉरोटनं १९४१ मध्ये मिसुरीत एक नवी रचना बसवली होती, स्प्लिट-टी. आघाडीच्या रांगेतल्या खेळाडूंमध्ये जास्त अंतर ठेवायचं. चेंडू हातात असलेला क्वार्टरबॅक रांगेच्या मागून आडवा सरकतो, समोरच्या कडेच्या बचावपटूला बिनअडवणुकीचा सोडून देतो आणि तो काय करतो ते बघूनच ठरवतो: स्वतः आत घुसायचं की बाहेरून येणाऱ्या साथीदाराकडे चेंडू टाकायचा. दोघांपुढे एकटा बचावपटू सापडला की बास्केटबॉलमध्ये जे होतं तेच हे. फॉरोटला ते सुचलंही बास्केटबॉलवरूनच. आयोवाच्या शाळेत त्याचे मदतनीस होते जिम टेटम आणि बड विल्किन्सन. एका हंगामात दोघं ती रचना शिकले. विल्किन्सन पुढे एंटरप्राइजवर गेला, पॅसिफिकमधल्या लढाया त्यानं पाहिल्या, आणि परतल्यावर ओक्लाहोमा विद्यापीठात हीच रचना घेऊन उभा राहिला. १९५३ ते १९५७ या काळात ओक्लाहोमानं सलग ४७ सामने जिंकले. टेटमच्या मेरिलँडनं १९५३ चं विजेतेपद मिळवलं. आयोवाच्या शाळेतली तीन महिन्यांची पोरं पांगली, शाळा बंद झाली, पण तिथल्या सरावात रुजलेलं हे बी पुढे कितीतरी वर्षं पीक देत राहिलं. हे फुटबॉलचं फुटबॉलला मिळालेलं देणं. त्याला लढाईचं कुंकू लावायची गरज नाही.

भूदलानं दुसरी वाट धरली. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या खात्यानं महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या प्रशिक्षणार्थींना विद्यापीठांच्या संघांतून खेळायला मनाई केली. नौदलानं परवानगी दिली. परिणाम असा की ज्या विद्यापीठात नौदलाचे प्रशिक्षणार्थी होते ती फोफावली. स्टॅनफर्ड, अलाबामा, टेनेसी यांनी १९४३ मध्ये संघच उतरवले नाहीत. मनाईमागचं कारण, अभ्यासाला वेळ पुरत नाही, हे प्रामाणिक होतं. पण त्याच भूदलाच्या हवाई तळांवर संघ होतेच. टेक्सासच्या रँडॉल्फ फील्डचा संघ १ जानेवारी १९४४ ला कॉटन बोल या नववर्षाच्या मानाच्या सामन्यात टेक्सास विद्यापीठाशी पावसात ७-७ असा बरोबरीत खेळला. म्हणजे धोरण कागदावर एक आणि मैदानावर दुसरं. जिथे खेळाचं समर्थन उसन्या कारणानं केलं जातं तिथे असंच होतं: कारण सोयीचं असलं की लावायचं, गैरसोयीचं झालं की काढून ठेवायचं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. तालमीच्या युक्तिवादानं जी झाकली ती हीच.

त्या काळात अमेरिकेच्या नौदलात काळा माणूस वैमानिक होऊ शकत नव्हता. म्हणून वैमानिकांच्या या शाळांत काळा कॅडेट नाही, आणि शाळेच्या संघात काळा खेळाडू नाही. आयोवा सिटीत हे जास्तच बोचतं. त्या गावानं ड्यूक स्लेटरला पाहिलं होतं, १९२१ च्या आयोवाच्या अजिंक्य संघाचा आधारस्तंभ. १९३०च्या दशकात ऑझी सिमन्सला पाहिलं होतं. १९३४ मध्ये बियरमनच्या मिनेसोटा संघानं त्याला इतकं ठोकून काढलं होतं की पुढच्या वर्षी तणाव निवळावा म्हणून दोन राज्यांच्या गव्हर्नरांनी जिवंत डुकराची पैज लावली. म्हणजे गावकऱ्यांना काळा खेळाडू नवा नव्हता. नौदलाची शाळा आली आणि तिनं आपली रेघ ओढली. नॉर्थ कॅरोलायनाच्या शाळेत बँड होता, काळ्या वादकांचा, नौदलात खानसाम्याच्या वरच्या हुद्द्यावर घेतलेल्या पहिल्या काही काळ्या माणसांपैकी. विद्यापीठाच्या आवारात त्यांना राहायची मुभा नव्हती. ते गावातल्या काळ्या वस्तीत राहत आणि रोज सकाळी तिथून वाजवत, कूच करत, झेंडावंदनाला येत. झेंडा वर चढताना सूर त्यांचे, आणि त्या झेंड्याखालचं मैदान मात्र त्यांचं नाही.

खेळानं एकजूट येते, माणूस माणसावर विश्वास ठेवायला शिकतो, हे हॅमिल्टनसारख्यांचं म्हणणं खरं होतं असं क्षणभर धरू. मग तो विश्वास कोणी कोणावर ठेवायचा, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा होता. ‘देशासाठी तयारी’ हे शब्द उच्चारले की हा प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो, आणि म्हणून तो विचारला जात नाही.

आपल्याकडे तो विचारला गेला होता, तेही त्याच युद्धाच्या काळात. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘उरलेले’ अशा पाच संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा व्हावी की नाही, असा सवाल होता. गांधीजींनी दोन आक्षेप घेतले. जग युद्धात होरपळत असताना आणि इथली माणसं तुरुंगात असताना ही करमणूक कशाला, हा एक. आणि खेळात धर्मावरून संघ पाडायचे कशाला, हा दुसरा. गांधीजींचा पहिला आक्षेप मला पटत नाही, हे नम्रपणे सांगतो. दुःखाच्या दिवसांतही माणसानं खेळावं. दुसरा आक्षेप मात्र शंभर टक्के बरोबर होता.

स्पर्धा पुढेही चालली. आयोवाच्या त्या हंगामानंतर काही दिवसांतच, डिसेंबर १९४३ मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला. विजय मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० केले. फॉलोऑन मिळालेल्या ‘उरलेल्यां’च्या ३८७ धावांत एकट्या विजय हजारे यांच्या ३०९. दुसऱ्या टोकाला भाऊ विवेक उभा होता. दोघांची भागी ३०० ची, त्यात विवेकच्या धावा २१. सांगलीत जन्मलेला, आपल्या मातीतला हा माणूस ख्रिस्ती होता, म्हणून ‘उरलेल्यां’त. त्या डावाइतकी एकाकी आणि तेजस्वी खेळी भारतीय क्रिकेटमध्ये फार थोडी असेल. बंगालमध्ये दुष्काळानं माणसं मरत असताना तो खेळला म्हणून मी त्याला दोष देणार नाही. दोष द्यायचा तो पाट्या लावणाऱ्यांना. ती स्पर्धा १९४६ नंतर संपली, आणि ते चांगलंच झालं.

आज आपल्या टीव्हीवर भारत-पाकिस्तान सामन्याआधी आठवडाभर तोफांचे आवाज वाजतात. ‘महायुद्ध’, ‘रणसंग्राम’, ‘बदला’. शाळेच्या कबड्डीच्या मैदानावरही हीच भाषा उतरली आहे. दहा वर्षांच्या पोराला पंचाच्या शिट्टीआधी ‘शत्रू’ शब्द ऐकू येतो. मला हे मनापासून खुपतं. ज्यांच्या घरातला कोणी सीमेवर आहे त्यांना विचारा, सामन्याला युद्ध म्हटलेलं त्यांना कसं वाटतं.

आणि याच महाराष्ट्रात उलट उदाहरणही आहे. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनला राहिला, मग लष्कराच्या धावण्याच्या स्पर्धांतून पुढे आला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाण्यावरून मारलेली उडी बर्फात उपयोगी पडते म्हणून त्याला पळू द्यावं, असं कोणी म्हणत नाही. तो उत्तम पळतो म्हणून पळतो. लष्करानं खेळाडू जरूर सांभाळावेत, पण कारण सांगताना हेच सांगावं. मग निवड कशी झाली, संधी कोणाला मिळाली, कोण बाहेर राहिलं, हे सरळ विचारता येतं, आणि विचारणाऱ्याच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवत नाही.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, जेसी ब्राउन नावाचा तरुण नौदलाच्या उड्डाणपूर्व प्रशिक्षणासाठी आयोवा राज्यातच आला, आयोवा सिटीपासून मोटारीनं दीड-दोन तासांवर असलेल्या ओटमवा गावी. ऑक्टोबर १९४८ मध्ये त्याला वैमानिकाचा पंखांचा बिल्ला मिळाला. नौदलाचा प्रशिक्षण पूर्ण केलेला पहिला काळा वैमानिक तो. दोन वर्षांनी कोरियात, चोसिन जलाशयाजवळच्या बर्फात, त्याचं विमान पडलं आणि तो गेला. १९४३ च्या त्या नोव्हेंबरमध्ये तो १७ वर्षांचा होता. मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गमध्ये, फक्त काळ्या मुलांसाठी असलेल्या शाळेत शिकत होता. वैमानिक व्हायचं लहानपणापासून त्याच्या मनात होतं. शाळेच्या संघातून तो फुटबॉलही खेळायचा.